न्हाईचं नाही

नवीन जालना,
१२ मे २०२५

तीर्थस्वरूप वंदना आत्यास,
कृ. सा. न. वि. वि. (नमस्कार साष्टांगच समजावा. प्रत्यक्षात तुझ्या घरात वायरी इतक्या पसरल्या आहेत की आडवं पडायला जागा नाही.)

पायाचं प्लास्टर कसं आहे? वाळत घातलेल्या मिरच्यांवरून घसरून पाय मोडणारी तू पहिलीच प्राध्यापक असशील. रेकॉर्डिंग करायला माहेरी गेलीस आणि महिनाभर माहेरीच अडकलीस, याचा माझ्या आईला मनातून आनंद झाला असणार. ती तुला गोडाचं खाऊ घालून दुसरा पायही जड करील, सांभाळ.

पत्र का लिहितोय म्हणशील. धावड्याच्या आपल्या घरात रेंज येत नाही, गच्चीवर जावं लागतं, आणि तुला जिना चढता येत नाही. हे एक कारण. दुसरं कारण असं की माझा फोन आता नाही. हरवला नाही, मीच फरशीवर आपटला. आधी पूर्ण वाच, मग राग कर.

तुला इथली बैठक माहीतच आहे. टेबलाच्या एका बाजूला मी, तुझ्या जुन्या फॉन्टातल्या फायली युनिकोडात आणत बसलेला. दुसऱ्या बाजूला तुझी सहायक मधुवंती, कानाला हेडफोन लावून तुझ्या म्हाताऱ्यांचे आवाज ऐकत आणि लिहिलेलं बरोबर आहे का ते तपासत. मध्ये तुझा प्रिंटर. आत्या, तो प्रिंटर जरा ठेंगणा घ्यायचा होता. तिचे फक्त डोळे आणि कपाळ दिसतं. तेवढंही पुष्कळ आहे, पण ते असो.

गेल्या आठवड्यात टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून मी लॅपटॉपचं ते बोलून लिहायचं साधन सुरू केलं. आपण बोलायचं, त्याने लिहायचं. मी सवयीने बोलून गेलो की फाईल उघडून राह्यलो पण उघडत न्हाई. त्याने लिहिलं, फाईल उघडून राहुल पण उघडत न्हावी. मागे मधुवंती उभी होती. ती जी हसायला लागली ती खुर्चीतच बसली. डोळ्यांत पाणी, हेडफोन गळ्यात, तरी थांबेना. वर मला सांगते की परत बोल, तसंच परत बोल.

कॉलेजात लॅबच्या सरांनी अशीच माझ्या बोलण्याची भर वर्गात नक्कल केली होती. तेव्हा मी कीबोर्ड आपटून निघालो तो दुसरं वर्ष अर्धवट टाकूनच. या वेळी कीबोर्ड तुझा होता म्हणून वाचला. हातात माझा फोन होता, तो गेला. मधुवंती दचकली, पर्स उचलून मस्तगडला घरी निघून गेली आणि त्यानंतर आली नाही. तिची पाण्याची बाटली इथेच राहिली आहे. मी ती रोज धुऊन भरून ठेवतो. का ते विचारू नकोस.

पण एक ठरवलं आहे. आता शुद्ध बोलायचं आणि शुद्ध लिहायचं. हे पत्रच बघ, माझा स्वतःचा एकही शब्द गावाकडचा नाही.

कामाचं म्हणशील तर फॉन्ट बदलताना जोडाक्षरं गळतात. ‘कष्टाची भाकर’ होती, तिची ‘कटाची भाकर’ झाली. एकेक शोधून नीट करतो आहे. भारतदादा मिरचीची गाडी घेऊन आला आहे, त्याच्याजवळ हे पत्र देतो. बाबांना फोनचं सांगू नकोस.

फोन होता तेव्हा जेवढी माया करत होतीस तेवढीच बिनफोनच्या मुलावरही करावी.

तुझा,
अंगद


धावडा,
१५ मे २०२५

चि. अंगद यास वंदना आत्याचे अनेक आशीर्वाद. (जपून वापर. रोज एक वस्तू फोडणार असशील तर पुरायचे नाहीत.)

तुझं पत्र वाचलं आणि पाकीट पुन्हा उलटून पाहिलं. हे माझ्या भावाच्या मुलाने लिहिलंय की जिल्हा परिषदेने, कळेना. इतका इस्त्री केलेला अंगद मला ओळखू येत नाही रे.

बाबांना मी काही सांगितलं नाही. तुझ्या आईला सांगितलं, म्हणजे त्यांना कळल्यातच जमा आहे. वहिनी म्हणाली, फुटला ते एक बरंच झालं, आता पोरगं जेवताना ताटाकडं तरी पाहील. ती मला सकाळ-संध्याकाळ उकड आणि शेवया खाऊ घालतेय. प्लास्टर काढायची वेळ येईल तेव्हा ते कापावं लागणार नाही, मीच आतून फोडून बाहेर येईन.

मधुवंती का हसली हे तू तिला विचारलंस का? विचारलं नसशील. फोन आपटायला जेवढा वेळ लागतो त्याहून विचारायला थोडा जास्त लागतो, तेवढाच तुझ्याकडे नसतो.

आता कामाचं नीट ऐक. अहवाल पंधरा जूनच्या आत विद्यापीठाकडे गेलाच पाहिजे. मुदत मी दोनदा वाढवून घेतली आहे, आता मिळणार नाही. हुकलं तर प्रकल्प बंद, आणि ज्या बायकांच्या ओट्यावर बसून मी इतके आवाज जमवले त्यांचं पुस्तक व्हायचं नाही. तेव्हा भारत पुढच्या खेपेला येईपर्यंत सगळ्या फायली एकदा चांगल्या साफ करून ठेव. जुनं काढून टाक. काळ्या डबीत, म्हणजे माझ्या त्या वेगळ्या हार्ड डिस्कमध्ये, जिला तू पहिल्या दिवशी फोनची बॅटरी समजला होतास, तिच्यातही साफ केलेलीच प्रत ठेव. म्हणजे गोंधळ नको.

एक सांगायचं राहिलं. संदर्भ ठेवायच्या सॉफ्टवेअरला बिनआडनावाचं माणूस चालत नाही. म्हाताऱ्यांना आडनाव विचारलं की हसतात आणि मलाच विचारतात, कोणतं सांगू, बापाचं की नवऱ्याचं? म्हणून मी आडनावाच्या जागी गाव घातलंय. आपली कौतिकबाई तिथं ‘धावडा, कौतिकबाई’ अशी दिसेल. ते चुकलेलं नाही, तसंच राहू दे.

बाटल्या भरून झाल्या की एक तांब्या माझ्या कढीपत्त्यालाही घाल. तुझ्यावरचा माझा लोभ या प्लास्टरसारखाच घट्ट आहे, मधूनच आतून खाज सुटते एवढंच.

तुझी,
वंदना आत्या


नवीन जालना,
१९ मे २०२५

तीर्थस्वरूप आत्यास,
कृ. सा. न. वि. वि. आज पत्र लिहिताना मान ताठ आहे.

आत्या, फायली साफ झाल्या. नुसत्या फॉन्टाने नाही, भाषेनेही! तुझ्या पत्रातला ‘साफ’ हा शब्द वाचला आणि तुझ्या मनात काय आहे ते मला कळलं. उद्या हा अहवाल विद्यापीठातली मोठी माणसं वाचणार. आणि त्यात आपली कौतिकबाई ओळीओळीला न्हाई म्हणणार, मंग म्हणणार, करून राह्यले म्हणणार. ती माणसं हसतील. मधुवंती हसली तशीच, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला हसले ते मी सोसलं, म्हणजे सोसलं नाहीच, पण आपल्या गावच्या म्हाताऱ्यांना कुणी हसलेलं मी चालवून घेणार नाही.

आता कसं केलं ते सांगतो. लिहायच्या सॉफ्टवेअरात ‘शोधा आणि बदला’ असं एक खातं आहे. वर जुना शब्द घालायचा, खाली नवा, आणि ‘सगळे बदला’ हे बटण दाबायचं. न्हाईचं नाही. मंगचं मग. राह्यलेचं राहिले. गेल्तेचं गेले होते. बटण दाबलं की पडद्यावर आकडा येतो, इतके शब्द बदलले म्हणून. एकेका म्हातारीच्या फाईलमध्ये तो आकडा पाहून माझी छाती फुगत होती. आता सगळ्या बायका शाळेत मास्तरणी असल्यासारख्या बोलतात. वाचून बघ, कुणाची हसायची हिंमत होणार नाही.

तू सांगितल्याप्रमाणे जुन्या फॉन्टातल्या फायली काढून टाकल्या आणि कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. काळ्या डबीतलं जुनं पुसून नवी प्रत ठेवली. इंटरनेटवरची प्रत तर आपोआप बदलते, तिला हातही लावावा लागला नाही. म्हणजे आता जिथे पाहशील तिथे साफच साफ.

मधुवंती अजून आलेली नाही. आली की तिलाच आधी दाखवणार आहे. पाहू दे, कोण अशुद्ध ते.

कढीपत्त्याला पाणी घातलं. शाबासकी भारतदादाजवळ दे आणि मिरचीच्या पोत्यात टाकू नकोस म्हणून बजाव. तुझ्या मायेचा हक्कदार आज जरा जास्तच हक्काने सही करतो,

अंगद


धावडा,
२१ मे २०२५

चि. अंगद,
आशीर्वाद आहेत. ते आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचताना तुला शंका येईल.

हे पत्र हातात पडलं की लॅपटॉप बंद कर. काळ्या डबीला हात लावू नकोस. काही दुरुस्त करायला जाऊ नकोस. आणि खुर्चीत बसून पुढचं वाच.

मी ‘साफ’ लिहिलं ते फॉन्ट बदलताना पडलेल्या कचऱ्याबद्दल. शब्द मी ढिसाळ वापरला, तेवढा दोष माझा, तो मी घेते. उरलेला तुझ्या डोक्यातल्या आगीचा आहे.

माझा सगळा अभ्यास कशावर आहे हे तू कधी विचारलंस का? वर्षभर माझ्या टेबलावर बसून तू फक्त अक्षरं पाहिलीस, वाचलं काहीच नाहीस. ऐक. कौतिकबाईकडे तहसीलमधला माणूस आला आणि निराधारांचा पगार चालू आहे का म्हणून विचारलं, तेव्हा ती म्हणाली, नाही साहेब. त्याच दमात सुनेकडे वळून म्हणाली, न्हाई गं, येड्यावानी विचारतोय. एकच बाई, एकच ओटा. परक्याला नाही आणि घरच्याला न्हाई. कोण कुणाला कुठला शब्द देतं, कुणाला कधी परक्यातून घरच्यात घेतं, हे त्या दोन शब्दांत दिसतं. म्हणून प्रत्येक न्हाई आणि प्रत्येक नाही मी आवाजाशी ताडून लिहून घेतलं होतं. तू ते सगळं एकसारखं केलंस. आता उलटं बटण दाबून सगळ्या नाहीचं न्हाई केलंस तरी भागणार नाही, कारण काही नाही खरेच नाही होते. कुठले, ते आता यंत्राला माहीत नाही आणि मलाही आठवणार नाही.

सगळे आवाज पुन्हा ऐकून पुन्हा लिहायचे म्हटले तर वर्ष जाईल. आपल्याकडे महिनासुद्धा नाही. रात्री मला झोप आली नाही, आणि ते पायामुळे नव्हे.

एकच वाट आहे. इंटरनेटवर जी प्रत असते तिच्या मागच्या आवृत्त्या काही दिवस जपून ठेवलेल्या असतात असं मधुवंती मला एकदा म्हणाली होती. पण ते उघडायचा पासवर्ड तिच्याकडे आहे, आणि पासवर्ड घातला की एक कोड येतो तो माझ्या फोनवर. माझा फोन इथे, आणि रेंज गच्चीवर. तेव्हा शनिवारी सकाळी दहाला वहिनी फोन घेऊन गच्चीवर उभी राहील. मधुवंतीने तिच्या फोनवरून लावायचा आणि कोड विचारून घ्यायचा. तुझ्याकडे फोन असता तर तुला तिच्या दारात न जाता काही जमलं असतं. नाही ना? मग जा.

मधुवंतीला मी कुणाकरवी निरोप देऊ शकते. देणार नाही. तू केलंस, तूच सांग.

आणि हे शेवटचं. त्या बायकांना कुणी हसू नये असं तुला वाटलं, ते मला पोचलं. त्या वाटण्यावर मी रागावलेली नाही. पण त्यांना हसू नये म्हणून तू त्यांचं तोंडच खरवडून धुतलंस रे बाबा.

माया आहे. आज तिला उठून बसवत नाही, एवढंच.

वंदना आत्या


नवीन जालना,
२५ मे २०२५

आत्या, मिळालं! मिळालं, मिळालं! नमस्कार मागून करतो, आधी हे वाच. सगळं न्हाई मिळालं, पण जवळजवळ सगळं.

आता नीट सांगतो. कृ. सा. न. वि. वि. तुझं पत्र दोनदा वाचलं. शनिवारी मस्तगडला चालत निघालो. रिक्षानं गेलो असतो तर जल्दी पोचलो असतो, म्हणून रिक्षा केली न्हाई. कुंडलिकेच्या पुलावर उभं राहून तीनचार वाक्यं पाठ केली. सगळी शुद्ध. दार तिच्या आईनं, रजनीकाकूंनी उघडलं आन पाठ केलेलं सगळं पुसून गेलं.

मधुवंती आत टेबलावर डोकं ठेवून बसल्ती. काकू म्हणल्या, पोरगी दोन दिवस नीट जेवली न्हाई. मला वाटलं माझ्या आपटाआपटीमुळं. होतं माझ्यामुळंच, पण तिला ते म्हाईत न्हवतं. तिच्या लॅपटॉपवर ते शब्द मोजायचं सॉफ्टवेअर हाय ना, कोणता शब्द किती वेळा आन कुणासमोर आला ते सांगतं, त्याच्यात न्हाई शून्य, मंग शून्य, राह्यले शून्य. तिला वाटलं आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. दोन दिवस ती ते काढून परत टाकून राह्यल्ती. तुला काय तोंड दाखवू म्हणून रडल्तीसुद्धा.

मी उंबऱ्यातूनच सांगून टाकलं, की सॉफ्टवेअर बराबर हाय, म्या बिघडवलं. तिनं असा लांब श्वास सोडला आत्या, आन म्हणली, देवा, म्हणजे माझं काही चुकलेलं नाही! मला पाणी सुद्धा दिलं. मंग ग्लास माझ्या हातात असतानाच तिच्या ध्यानात आलं की म्या नेमकं काय केलंय. त्याच्यानंतर ती जे बोलली ते लिहीत न्हाई. तुझी सहायक इतकी जोरात बोलती हे तुला म्हाईत हाय का? माझं डोकं एकदा गरम झालंच. हाताजवळ तिचाच लॅपटॉप होता. म्या दोन्ही हात खिशात घातले आन ऐकून घेतलं.

दहाला तिनं फोन लावला. आईनं गच्चीवरून कोड सांगितला, जोडीजोडीनं, जसं आपण सांगतो तसं. एकोणऐंशी, त्रेसष्ट, अडतीस. आता मधुवंती शिकली इंग्रजी शाळेत. बोलीवर एवढं मोठं काम करती, पण एकोणऐंशी म्हणलं की तिनं एकोणनव्वद दाबलं. चुकलं. दुसरा कोड आला, त्याच्यात एकोणसाठ होतं, तिनं एकोणसत्तर दाबलं. पडद्यावर आलं की आता शेवटची संधी, न्हाईतर खातं बंद. तिकडं आईला वाटलं आपणच चुकीचं वाचून राह्यलो, ती वरून खाली ओरडून राह्यली की चष्मा आणा, चष्मा. मधुवंतीनं हात मागं घेतले. म्या फोन मागितला. आईला म्हणलं, मी हाय, सावकाश सांग. आईनं आधी विचारलं जेवलास का, मंग कोड सांगितला. म्या दाबला. उघडलं!

आत्या, एकेका फाईलच्या मागं तिच्या जुन्या आवृत्त्यांची रांग असती, तारीख लावून ठेवलेली. म्या बटण दाबायच्या आदल्या दिवशीची प्रत तिथं बसलेली, जशीच्या तशी. फॉन्ट बदललेला, जोडाक्षरं नीट केलेली, आन शब्द म्हाताऱ्यांचे. मधुवंतीनं पहिली परत आणली, पिंपळगावच्या आजीची. पहिलीच ओळ, न्हाई बाई, मंग काय सांगू तुला. मधुवंती ओरडली, म्या बी ओरडलो. रजनीकाकू आतून पळत आल्या की आता काय फोडलं यानं.

एकेक करत संध्याकाळपर्यंत सगळ्या आणल्या. फक्त एक न्हाई आली. कौतिकबाईची. तू पहिल्यांदा टाइप केलेली तिची मूळ प्रत फक्त काळ्या डबीत होती, इंटरनेटवर कधी चढलीच न्हवती, तिथं म्या बदललेलीच हाय. डबी म्या पुसली. तिचा आवाज तुझ्याजवळच्या जुन्या रेकॉर्डरमध्ये हाय असं मधुवंती म्हणती. असला तर पाठव. मी लिहून काढतो. तिला मीच पुसलं, मीच काढतो.

आन हसण्याचं विचारलं, तू म्हणल्तीस म्हणून. ती मला हसलीच न्हवती, आत्या. वर्षभर ती हे शब्द हेडफोनमधून म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकून राह्यल्ती. तिला वाटायचं आपल्या वयाचं कुणी असं बोलत नसंल, पुस्तक निघेपर्यंत ही भाषा संपंल. आन म्या समोर बसून चक्क लॅपटॉपशी तसं बोललो, आन लॅपटॉप न्हाव्याच्या मागं लागला. परत बोल म्हणली ते तिला रेकॉर्डर चालू करायचा होता. एवढंच. एवढ्यासाठी माझा फोन गेला.

तुझी माया उठून बसली का? बसली असंल तर तिला म्हणावं, तुझ्या भाच्याच्या डोक्यावरून एकदा हात फिरव. हलका फिरव.

अंगद


धावडा,
२८ मे २०२५

चि. अंगद यास अनेक, अनेक आशीर्वाद. आज मोजत नाही.

माझा अंगद परत आला. पत्राची पहिली ओळ वाचली आणि ओळखलं, हा आपलाच.

शनिवारी इकडे काय झालं ते तुला कुणी सांगणार नाही, म्हणून मी सांगते. वहिनी गच्चीवर, मी जिन्याच्या तळाशी खुर्चीत, आणि निरोप द्यायला जिन्याच्या मध्यावर तुझे बाबा. पुंजारामदादा जन्मात एवढे बोलले नसतील. चुकलं म्हणते, असं वरून आलं की ते खाली मला सांगणार, मी घाबरून काही म्हटलं की ते वर सांगणार. मध्येच त्यांनी विचारलं, अंगदचा फोन कुठंय, पोरीच्या फोनवरून का बोलून राह्यला? वहिनीने वरून सगळं सांगितलं. दोन पायऱ्या रागाने खाली उतरले, थांबले, पुन्हा वर चढले आणि म्हणाले, त्याचं मागून पाहू, आधी वंदीचं काम होऊ द्या. मग उघडलं असा आवाज वरून आला तेव्हा तुझे बाबा जिन्यातच बसले आणि टोपीने तोंड पुसत राहिले. मी पदर हातात घेतला. मलाही तोंड पुसायचं होतं.

त्या दिवशी मी इतकी जेवले की वहिनी पुढचं ताट वाढताना जरा बिचकली.

रेकॉर्डर पाठवतेय. फडक्यात गुंडाळून भारतच्या हातात दिलाय, पोत्यावर ठेवू नको म्हटलंय, तो ठेवणारच. कौतिकबाई गेल्या पौषात गेली. तिचा एवढाच आवाज आहे. सावकाश ऐक, परत परत ऐक. ऐकू येईल तेच लिही. कळलं नाही तिथे जागा रिकामी सोड, आपल्या मनाने भरू नकोस. ती चुकली असं वाटलं तर तुझे कान चुकलेत असं समज. आणि हो, लिहिलेलं तीन ठिकाणी ठेव. डबीत, इंटरनेटवर, आणि तिसरी प्रत मधुवंतीकडे. तुझ्याकडे नको.

मायेने हात फिरवला आहे. एक टपली मात्र पडली त्यात, ती चुकून.

तुझी,
वंदना आत्या


नवीन जालना,
१४ जून २०२५

तीर्थस्वरूप आत्यास कृ. सा. न. वि. वि. (आता वायरी आवरल्या, आडवं पडून करतोय.)

अहवाल गेला! आज दुपारी विद्यापीठाच्या पानावर चढवला. ते गोल चक्र फिरून राह्यलं, फिरून राह्यलं, मधुवंतीनं डोळे मिटून घेतले, मी पडद्याकडं पाहून राह्यलो, आन मंग हिरवी खूण आली. पोचल्याची पावती तुझ्या ईमेलवर पडली असंल, आईला गच्चीवर पाठवून बघ.

रेकॉर्डर भारतदादानं मिरचीच्या पोत्यावरच आणला. पहिले दोन दिवस कौतिकबाई बोलायची आन आम्ही दोघं शिंकायचो. मी एकेक वाक्य ऐकून लिहिलं, मधुवंतीनं तपासलं. एका जागी आमचं भांडण झालं. कौतिकबाई नाही म्हणती का न्हाई, मधे कोंबडा ओरडतो. मी म्हणलं न्हाईच असणार, ती मला म्हणली, असणार असं काही नसतं, तुझ्या आत्याचं पत्र काढ. मंग जागा रिकामी सोडली. तुझ्या अहवालात तिथं फक्त एक रेघ हाय, तिच्या खाली कोंबडा हाय असं समज.

आन चोरी पकडायच्या सॉफ्टवेअरनं तर कमालच केली. अहवाल त्याच्यातून काढावा लागतो ना, त्यानं सगळ्या म्हाताऱ्या लाल केल्या. एकीचं वाक्य दुसरीनं उचललंय म्हणे. सगळ्याच मंग काय सांगू बाई म्हणतात, त्याला त्या काय करणार. मधुवंतीनं खुलाशाचं पत्र जोडलं, की या बाया एकमेकींच्या शेजारणी आहेत, चोर न्हाईत.

आता खरं लिहायचं ते लिहितो. काम झालं, ती सामान आवरून राह्यली. हेडफोन पिशवीत घातले, वायर गुंडाळली. मला एकदम घर मोठं झाल्यावानी वाटलं. म्या विचारलं, आता यायचं बंद का? शुद्ध का अशुद्ध ते मला आठवत न्हाई, पण विचारलं, आपटलं काहीच न्हाई. तिनं माझ्याकडं न पाहता पिशवीची चेन लावली आन म्हणली, न्हाई.

न्हाई म्हणली, आत्या! नाही न्हवे, न्हाई. चेष्टेनं न्हवे आन नक्कल बी न्हवे. नकलेचा आवाज मला बराबर कळतो, त्याच्यावर माझं अख्खं कॉलेज गेलंय. ही मस्तगडची, इंग्रजी शाळेतली पोरगी. तुझ्याशी ती नाही म्हणती, रजनीकाकूंशी नाही म्हणती, म्या स्वतः ऐकलंय. आन मला न्हाई म्हणून पायऱ्या उतरून गेली.

तुझ्या अहवालाच्या हिशोबानं याचा अर्थ काय लावायचा? परक्याला एक आन घरच्याला एक, असं तूच लिहिलंय, पान मीच छापलंय. जल्दी कळव. भारतदादा उद्या परत येतोय, त्याच्या हाती उत्तर नसंल तर मी त्याला गाडीतून उतरू देणार न्हाई.

तुझ्या लोभावर जगून राह्यलेला,
अंगद


धावडा,
१५ जून २०२५

चि. अंगद यास आशीर्वाद.

भारत बाहेर हॉर्न वाजवतोय, म्हणून थोडक्यात.

पावती मिळाली. वहिनीने गच्चीवरून वाचून दाखवली, एकेक अक्षर, आणि तुझ्या बाबांनी जिन्यातून खाली पोचवली. ऐकून मी टेबलाला धरून उभी राहिले. प्लास्टर परवाच निघालंय, पाय अजून काठीसारखा आहे, पण मी उभी राहिले. अंगद, बायका वाचल्या रे. कौतिकबाईही वाचली. तिच्या त्या रिकाम्या रेघेवर मी आज सकाळपासून खूश आहे, कारण ती रेघ तू सोडलीस.

आता तुझा प्रश्न. तू विचारतोस म्हणून अभ्यासक म्हणून उत्तर देते. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढता येत नसतो. तो शब्द कोणत्या प्रसंगी, कुणासमोर, कितव्यांदा आला हे पाहावं लागतं. तेव्हा घाई करू नकोस. समोरच्याला बोलू दे, मध्ये तोंड घालू नकोस, आणि ऐकू येईल तेच ऐक. आणखी नमुने जमव.

मी सोमवारी येते. माझ्या मायेत काही उणं-अधिक झालेलं नाही, तुझ्या आईच्या शेवयांनी वजन तेवढं वाढलंय, ते दार उघडताना ध्यानात असू दे.

आणि नमुने जमवताना रेकॉर्डर बंद ठेव.

तुझी,
वंदना आत्या